फक्त दोन माणसे

ज्या गृहस्थापाशी दोन पैसे शिल्लक असावेत असा नुसता संशय घेता येतो, त्याचे पैसे दुप्पट करून देण्यास आतुर झालेला इसम फुलंब्रीस शोधावा लागत नाही. तो आपण होऊन येतो, चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडीने काढतो, पाणी मागतो, आणि पेला अर्धा होण्यापूर्वीच खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून त्यावर एक वाटोळे रेखाटतो. हे वाटोळे म्हणजे आपण. त्याच्याखाली दोन वाटोळी, त्यांच्याखाली चार, त्यांच्याखाली आठ अशी उतरंड कागदाच्या कडेपर्यंत पोचली म्हणजे तो तीन टिंबे देतो आणि त्या टिंबांवर पेनाचे टोक ठेवून गंभीरपणे सांगतो, "अन् इथून पुढं खरी कमाई सुरू होते." तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेल्या आणि आता निवृत्तिवेतनावर गुजराण करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाकडे तर हे वाटोळेवाले मुंगळ्यांच्या शिस्तीने येतात. शेळ्या, कोरफडीचा रस, सागाची रोपे आणि इमू नावाचा एक उंच व उदास पक्षी या सर्वांचा माझ्या ओट्याशी संबंध आला तो त्या एका वाटोळ्याच्या द्वारे.

यंदा कागद घेऊन आलेला इसम परका नव्हता, सख्खा भाचा होता. त्यामुळे पाण्यानंतर त्यास चहाही द्यावा लागला. त्याने आणलेली वस्तू म्हणजे चुंबक बसविलेली गादी. तिच्यावर निजले असता पाठदुखी, गुडघेदुखी, मधुमेह आणि दारिद्र्य हे चारही विकार क्रमाने नाहीसे होतात, असे तिच्याबरोबरच्या रंगीत पुस्तिकेत नमूद होते.

"मामा, तुमाला काहीच करायचं नाही. एक गादी घ्यायची अन् फकस्त दोन मानसं जोडायची."

"आणि त्या दोघांनी?"

"त्यांनी बी दोनच."

"आणि त्या चौघांनी?"

"दोन-दोन. कोनालाच जास्त तरास नाही, मामा. सगळे दोनच जोडू राहिले."

स्वयंपाकघरातून आमच्या कुटुंबाने विचारले, "अरे, तू स्वतः निजतोस का त्या गादीवर?"

"नाही मामी, ती लोकांना दाखवायची आहे."

अव्वल कारकुनास कोऱ्या कागदापेक्षा पाठकोऱ्या कागदाचे प्रेम अधिक असते. मी विजेच्या बिलाची मागची बाजू घेऊन भाच्यासमक्ष मांडणी सुरू केली. पहिल्या पंगतीस दोन, दुसरीस चार, दहावीस 1,024. येथवर भाचा प्रत्येक आकड्यास मान डोलावीत होता, कारण 1,024 माणसे त्याने गेल्या लग्नसराईत एकाच मांडवात जेवताना पाहिली होती. पंधराव्या पंगतीस 32,768 झाली. अठराव्या पंगतीस 2,62,144, म्हणजे आपल्या तालुक्याची सगळी शिरगणती, पाळण्यातली पोरे आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरून, गादीवर निजून वर गाद्या उरल्या. सत्ताविसाव्या पंगतीस 13,42,17,728. 2011 च्या जनगणनेत सारा महाराष्ट्रच 11 कोटी 24 लाखांचा भरला होता, तेव्हा ही पंगत भरावयास सीमेपलीकडून माणसे मागवावी लागतील हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिले. तेहतिसाव्या पंगतीस आकडा 858 कोटींवर गेला, जो अवघ्या पृथ्वीच्या लोकसंख्येहून मोठा आहे, आणि ज्यांना आपण होऊन दोन माणसे जोडावयाची आहेत अशा त्या 858 कोटी सभासदांना आता गिऱ्हाईक कोठे मिळणार, असा रोकडा सवाल मी केला.

भाच्याने बिल उलटसुलट करून पाहिले आणि अत्यंत ममतेने उत्तर दिले, "मामा, तेहतिसाव्या पंगतीचं टेन्शन तुमी काहून घेता? आपुन पहिल्या पंगतीत बसू राहिलो ना."

या वाक्यापुढे गणितशास्त्र हतबल आहे. मनुष्यास मोठे आकडे समजत नाहीत हा आक्षेप मला मान्य नाही; समजतात, पण शेवटच्या पंगतीत दुसरे कोणी तरी बसणार आहे याविषयी त्याची जी अढळ श्रद्धा असते, तिला समज पुरत नाही. मी कायद्याचा आधार घेतला. बक्षीस चिठ्ठ्या आणि पैशाच्या अशा फिरत्या योजना यांवर संसदेने 1978 सालीच बंदी घातली असल्याचे त्यास सांगितले. तो म्हणाला, "ही चिठ्ठी कुठंय मामा? ही गादी आहे."

गादी ओसरीवर ठेवून तो गेला. तिच्यावर हल्ली आमचे मांजर निजते आणि त्यास अद्याप मधुमेह झालेला नाही.

सारेच दुपटीकरण कागदावर राहते असा मात्र कोणाचा समज होऊ नये. फुलंब्रीत एका वस्तूचे दुपटीकरण नियमितपणे, विनामूल्य आणि कोणताही प्रवेश अर्ज न भरता होते. ती वस्तू म्हणजे बातमी. मागल्या पावसाळ्यात एके दिवशी सकाळी सातच्या सुमारास मी ओट्यावर बसून दोनदा शिंकलो आणि, कोणाच्याही लक्षात राहू नये असे वाटण्याइतक्या साधेपणाने, "कणकण वाटते बुवा" असे दूधवाल्यास म्हणालो. दूधवाल्याने ते दोघांना सांगितले. प्रत्येकाने पाव तासाच्या आत दोघांना सांगावयाचे एवढाच शिरस्ता पाळला तर पंधरावी दुप्पट बरोबर पावणेअकरास पूर्ण होते, आणि आकडा 32,768 वर जातो. आमच्या गावचा शिरस्ता याहून शिथिल नाही. शिवाय बातमी नुसती दुप्पट होत नाही, तर वाटेत तिचे वजनही वाढते. स्टँडवर मला ताप चढला, उपाहारगृहात तो मेंदूत गेला, आळंदच्या बसमध्ये मला शहरात हलविले गेले आणि वडोद बाजारला पोचेतो माझी सर्व ऐहिक दुःखे संपली होती. पावणेअकराच्या पुढेमागे काळीपिवळीतून वडोद बाजारचे साडू उतरले. त्यांच्या हाती पिशवी, पिशवीत दुखवट्याची कोरी टोपी.

"तुमी तर बसलेले दिसता," ते जरा नाराजीनेच म्हणाले.

"हो. कणकण होती, उतरली."

"मग आता या टोपीचं काय करायचं?"

"ठेवून द्या. आज ना उद्या कामी येईलच."

ते ओट्यावर बसले. मागोमाग दुसरे आले, तिसरे आले. रडण्याच्या तयारीने आलेल्या नातलगांना रिकाम्या पोटी परत धाडणे बरे दिसत नाही म्हणून आमच्या कुटुंबाने पिठले-भाकरीचा घाट घातला, आणि मी जिवंत असल्याच्या निमित्ताने झालेल्या या जेवणास मेल्यानंतर होणार नाही इतका खर्च आला. दुपारी बारानंतर मात्र बातमी एकाएकी थांबली. ज्याला सांगावे तो म्हणू लागला, "आमाला दोघांनी सांगितलं." गावात न ऐकलेला मनुष्यच शिल्लक उरला नाही. भाच्याला जे विजेच्या बिलावर दिसले नाही ते वडोद बाजारच्या रस्त्यावर प्रत्यक्ष घडले, परंतु तो त्या वेळी कन्नडला गाद्या दाखवीत होता.

कन्नडचे नाव निघाले म्हणून सांगतो. आमच्याकडून खुलताबाद, कन्नड करीत औट्रम घाट उतरला म्हणजे चाळीसगाव येते आणि त्या डोंगराच्या कुशीत पाटण आहे. पाटणादेवीच्या दर्शनास जाणारे हजारो, पण तेथे एका गणिती घराण्याचा मठ होता हे ठाऊक असणारे थोडे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून हा मठ स्थापिला. या मठाचा शके 1128 चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गेल्या शतकापूर्वीच्या शतकात उजेडात आणला. आणि त्या आजोबांनी 1150 सालच्या आपल्या ‘लीलावती’त दुपटीचे असे एक उदाहरण घातले आहे की, ते वाचून माझ्यातला निवृत्त कारकून अजूनही रात्री दचकून उठतो.

एका दात्याने पहिल्या दिवशी याचकांना दोन कवड्या दिल्या आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचे वचन दिले. महिनाभरात त्याने किती निष्क दिले? उदाहरण एवढेच. दात्याचे नाव नाही, गाव नाही, त्यास असे वचन देण्याची बुद्धी कोणत्या ग्रहयोगामुळे झाली याचा खुलासा नाही. आचार्य स्वतः ज्योतिषी असूनही नाही. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क हे कोष्टक त्यांनी ग्रंथारंभीच देऊन ठेवलेले आहे, तेव्हा बाकीचे चित्र ज्याने त्याने रंगवावे.

मी ते रंगवितो तेव्हा मला दाता दिसत नाही, त्याचा कारकून दिसतो. पहिल्या दिवशी दोन कवड्या खर्ची टाकताना त्याला हसू आले असेल. आपल्या यजमानाच्या औदार्याची ही वही ठेवावयास आपणासारखा लायक इसम कशाला हवा, असेही त्यास वाटले असेल. दहाव्या दिवशी 1,024 कवड्या गेल्या. एका द्रम्मास 1,280 कवड्या पडतात, म्हणजे दहा दिवस दानशूर म्हणून मिरवूनही त्या दिवसाचे दान एका द्रम्माचेही भरले नाही, आणि देवळाच्या पारावर दात्याची वाहवा होत असताना मुनीम मनाशी म्हणाला असेल, की मालक मोठे धूर्त आहेत. पंधराव्या दिवशी दीड निष्काहून थोडे अधिक. विसाव्या दिवशी 51 निष्क. या सुमारास कारकुनाने पहिल्यांदा चष्मा पुसला असता, पण तेव्हा चष्मा नव्हता. पंचविसाव्या दिवशी 1,638 निष्क; दात्याच्या धर्मपत्नीने याच दिवशी माहेरी निरोप धाडला असावा. तिसाव्या दिवशी 52,428 निष्क. या एकाच दिवसाचे दान आधीच्या एकोणतीस दिवसांच्या बेरजेहून दोन कवड्यांनी अधिक आहे, आणि दुपटीचा सगळा दुष्टावा येथे आहे: महिन्याच्या पहिल्या दोन तृतीयांशात ती आपणास खुळ्यात काढते आणि उरलेल्या तृतीयांशात भिकेस लावते.

आचार्यांचे उत्तर असे: 1,04,857 निष्क, 9 द्रम्म, 9 पण, 2 काकिणी आणि 6 कवड्या. लक्षाधीश मनुष्य धुळीस मिळाला, त्याचा वाडा गहाण पडला, गुरेढोरे लिलावात निघाली. पण शेवटच्या सहा कवड्यांचा हिशेब चुकलेला नाही. असा वरिष्ठ अधिकारी मला माझ्या नोकरीत लाभला नाही याची खंत वाटते. पुढे फैजीने 1587 साली अकबर बादशहासाठी ‘लीलावती’ फारसीत उतरविली. खजिना भरण्याची आशा धरणाऱ्या त्या दरबारात हे उदाहरण कोणत्या चेहऱ्याने वाचले गेले असेल कोण जाणे. पाटणच्या शिलालेखाविषयी मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्याच्या अखेरीस जुन्या मराठीत मठासाठी बाजारातील मालावर काय काय द्यावे याची तजवीज लिहिलेली आहे, आणि त्या तजविजीत दर दिवशी दुपटीने देण्याची अट नाही. घराण्यास परिणाम ठाऊक होता.

बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट मी सांगत नाही, ती सर्वांनी ऐकली आहे. एवढेच म्हणतो की भास्कराचार्यांची अंकस्थानांची यादी परार्धाशी संपते आणि त्या पटावरचे दाणे 184 परार्धांच्या वर जातात, यावरून त्या राजाच्या कोठीवाल्यावर काय प्रसंग गुदरला असेल याची कल्पना यावी.

आमच्या स्मृतिकारांना दुपटीची ही चाल इतकी ओळखीची होती की, तिला पहिल्या पायरीवरच अडविण्याचा बंदोबस्त त्यांनी करून ठेवला. व्याज कितीही साचो, नगद कर्जावर एकदम वसूल करावयाची रक्कम मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाता कामा नये, असा मनूचा दंडक. धान्याला पाचपट सवलत. हेच ते दामदुप्पट, जे मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत इंग्रजी अमलातही मानले. पण मनू कितीही दूरदर्शी असला तरी तो कधी सावकाराच्या पेढीवर बसलेला नव्हता. व्याज मुद्दलाइतके होत आले की सावकार जुने खत फाडीत असे, दोन्ही रकमा एकत्र करून नवे खत लिहवून घेत असे, आणि अंगठा उठविलेल्या कुणब्यास सांगत असे की बघ, तुझे जुने कर्ज फिटले. दुसऱ्या दिवसापासून दामदुपटीचा प्रवास पुन्हा पहिल्या कवडीपासून सुरू. हे गणित कळले तेव्हा लोकांनी वजाबाकी केली नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्यास त्यांनी सावकारांची खते आणि वह्याच पेटविल्या, आणि सरकारला चार वर्षांनी दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आमच्याकडे निजामाचा अंमल असल्यामुळे तो कायदा आला नाही. सवाई-दिढीने धान्य घेण्याची चाल मात्र कोणत्याही हुकूमनाम्याची वाट न पाहता आली होती.

स्वतंत्र सरकारने पुढे या दुपटीस टपाल कचेरीत मानाची खुर्ची दिली. 1 एप्रिल 1988 पासून किसान विकास पत्र निघाले, साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट. 72 ला व्याजाच्या दराने भागले म्हणजे दुपटीची वर्षे निघतात हा आडाखा तेव्हा मी गावभर फुकट वाटीत असे आणि लोक तो तितक्याच आदराने विसरत. माझ्या आत्याबाईंनी कोंबड्या विकून साठविलेले हजार रुपये त्या पत्रात घातले. मुदत भरली त्या दिवशी मी त्यांना घेऊन टपाल कचेरीत गेलो आणि दोन हजारांच्या नोटा त्यांच्या ओच्यात घातल्या. त्यांनी त्या थुंकी लावून मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"अन् माझे हजार?"

"ते त्यातच आले, आत्याबाई. हजाराचे दोन हजार झाले ना."

"म्हंजे मेल्यांनी एकच हजार दिला की रं! माझे मलाच देऊ राहिले अन् वर दुप्पट म्हनू राहिले."

मी खिडकीपाशीच त्यांची बरीच समजूत घातली. मागे रांग वाढली आणि रांगेतील बहुमत आत्याबाईंच्या बाजूने गेले. बाहेर पडल्यावर त्यांनी तूरडाळीचा भाव विचारला, आणि साडेपाच वर्षांत डाळीनेही स्वस्थ बसून दिवस काढले नाहीत असे निष्पन्न झाले, तेव्हा मी 72 चा आडाखा मनातल्या मनातही उच्चारला नाही. हे पत्र 2011 मध्ये बंद झाले आणि 2014 च्या नोव्हेंबरात पुन्हा निघाले तेव्हा दुपटीस 100 महिने लागू लागले; पुढे ते 115 महिन्यांवर गेले. सरकारसुद्धा म्हातारपणी दुपटीच्या जिन्यावर दमाने चढते.

परंतु या साऱ्या व्यवहारांत एक उणीव आहे: त्यांत दुप्पट होते ती रक्कम. तिच्याहून धीम्या चालीने आणि तिच्याहून अचूक दुप्पट होणारी वस्तू म्हणजे वारस. आमच्या शेजारच्या पाटलांची विहीर पाहा. तिच्या मूळ मालकाने ती निजामशाहीत खणली, पाणी हत्ती बुडेल एवढे लागले, आणि सोळा आणे हक्क त्या एकट्याचा. त्याला दोन मुलगे. हिस्सा आठ-आठ आणे. त्यांना दोन-दोन, चार-चार आणे. चौथ्या पिढीत माणशी एक आणा, पाचवीत सहा पै, आणि आज सहाव्या पिढीत 64 हिस्सेदार उभे आहेत, प्रत्येकाच्या वाट्यास तीन पै. सर्वांनी दोनच मुलगे जोडले. कोणालाच जास्त त्रास पडला नाही.

माणशी एक दिवस पाण्याची पाळी धरली तर पाटलांची पाळी चौसष्टाव्या दिवशी येते, म्हणजे उन्हाळी कांद्याच्या आयुष्यात फार तर दोनदा, आणि त्यातल्या एका दिवशी डीपी जळालेली असते. उरलेले त्रेसष्ट दिवस पाटील दुसऱ्यांच्या मोटारी किती वाजता सुरू झाल्या याची नोंद करीत विहिरीच्या काठी बसतात. पुढे सातबारा संगणकावर गेला तेव्हा हे तीन पै कोणत्या रकान्यात बसवावेत असा पेच पडला, आणि पाटलांनी मला मध्यस्थीस नेले. तलाठी तरुण होता, नम्र होता.

"भाऊसाहेब, आणे-पै 1957 सालीच गेले. आता रुपयाला शंभर पैसे. एकाला चौसष्टानं भागलं की यांचा हिस्सा दीड पैसा अन् वर थोडं."

पाटील ताडकन उठले. "माझे तीन पै होते! बापानं मरताना सांगितलं तीन पै. अन् हा मानूस दीड लिहू राहिला. निम्मा हिस्सा याच्याच घशात गेला, दुसरं काय?"

रुपयाच्या 192 पै आणि रुपयाचे शंभर पैसे यांतील भेद मी त्यांना येताना वाटभर समजावीत होतो. वेस येईपर्यंत ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "तुमी बी कचेरीतलेच."

त्यांचा राग शांत करावा या सद्हेतूने मी एके संध्याकाळी विषय त्यांच्या घराण्याकडे वळविला, कारण आपला मूळपुरुष देवगिरीच्या यादवांचा किल्लेदार होता हे सांगताना पाटील विहीर विसरतात. भाटाने लिहिलेली वंशावळ त्यांनी पेटीतून काढली. मी म्हटले, पाटील, हीच दुप्पट आता उलटी चालवून पाहू. आपणास आईबाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर तीस पिढ्यांमागे, म्हणजे देवगिरीस रामदेवराव राज्य करीत होता त्या सुमारास, आपले पूर्वज किती? तर त्या ‘लीलावती’तल्या दात्याने तिसाव्या दिवशी जितक्या कवड्या मोजल्या, अगदी तितकेच: 1,07,37,41,824. पण त्या काळी अवघ्या पृथ्वीवर पन्नास कोटीही माणसे नव्हती. याचा अर्थ एकच होतो की, वंशावळीच्या कागदावर तीच तीच माणसे आपल्या आजोबांच्या जागी हजारो वेळा येऊन बसली आहेत; आपला किल्लेदार माझाही पूर्वज असला पाहिजे, किल्लेदाराचा पाणक्या आपलाही असला पाहिजे, आणि फुलंब्रीपासून वडोद बाजारपर्यंत जितकी घरे आहेत तितकी सर्व एकाच भाऊबंदकीतली निघतात.

पाणक्याच्या उल्लेखाने त्यांची मुद्रा बदलली, पण ते बोलले नाहीत. बराच वेळ ते वंशावळीकडे पाहत होते. मग त्यांनी हळूच विचारले, "म्हंजे हिशेबानं तुमी आमचे भाऊबंद लागता?"

"निःसंशय."

"लिहून द्यायला काही हरकत?"

"मुळीच नाही," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या लवकर कोणास गणित पटलेले मी पाहिले नव्हते.

पाटलांनी पेटीत पुन्हा हात घातला, तीतून निळ्या शाईने आखलेली एक वही काढली, पाने उलटीत 64 व्या नावापर्यंत आले आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत माझे नाव घालून वही माझ्यापुढे सही करावयास सरकविली.

"विहिरीचा गाळ काढायचा आहे," ते म्हणाले. "घरटी दोन हजार धरले. अन् भाऊसाहेब, तुमच्या ओळखीतले असे अजून दोन भाऊबंद असतील तर बघा."